शेजारी कोण बसणार?

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्वदीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. लागू नये म्हणून मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवते. पण मेस्त्रींच्याबद्दल तोंडाने सांगणं मला होत नाही. चार माणसं समोर असली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कागद मध्येच काही विचारत नाही, म्हणून कागदाला सांगते.

मेस्त्रींचं वर्कशॉप शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात होतं. मी तिथे अकरा वर्षं काम केलं. झाडलोट करायची, चहा सांगायचा, आणि सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे. नट, बोल्ट, वायसर, सगळं एका पत्र्याच्या घमेल्यात. धुतल्यावर पांढऱ्या कापडावर मांडायचं. कापड पांढरंच पाहिजे, मळकट चालायचं नाही. मेस्त्री म्हणायचे, "अक्का, मळक्या कापडावर मळ दिसत न्हाय." बाईमाणूस सहा वर्षांचं असो नाहीतर साठ, त्यांना सगळ्या अक्काच. नाव त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. गाडी मात्र कोणाची, कुठल्या साली घेतली, आधी कोणाकडे होती, हे सगळं विचारायचे.

वर्कशॉपच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती. दुपारी त्यातून ऊन आत यायचं, तांब्याच्या पैशाएवढे गोल गोल तुकडे. ते जमिनीवरून हळूहळू सरकत जायचे, गाडी उभी असली तर गाडीवर चढायचे, बॉनेटवरून पलीकडे उतरायचे. पेठेत फुटबॉलची मॅच असली की बोळ रिकामा व्हायचा. मग इतकं शांत असायचं की घमेल्यात रॉकेल हललेलं ऐकू यायचं. आजही डोळे मिटले की मला तेच दिसतं. ऊन सरकतंय, आणि मेस्त्री चाकाला पाठ लावून झोपलेत.

ती त्यांची सवय होती. चाकाचं काम झालं की दहा मिनिटं त्याच चाकाला टेकून झोपायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर डोळे न उघडता म्हणायचे, "बसू द्या की जरा. चाकबी बसतंय, मीबी बसतोय."

माणसांशी त्यांचं बोलणं रोखठोक, फटकळच म्हणा. पण गाडीला ते अहोजाहो करायचे. जॅक लावताना म्हणणार, "जरा वर होता का? हां. थांबा आता. हलू नका." आणि गाडीच्या मालकाला, "ए पावणं, बाजूला व्हा, सावली पडतीया." एकदा कोणीतरी हसलं, तर म्हणाले, "तुमी इथनं चालत जाणार. ह्या चारशे किलो, हजार किलो घिऊन पळणार. मान कुणाला द्यायचा?"

आणि या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यात कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसले नाहीत. घरून सायकलवर यायचे. स्टेअरिंग वळवून बघायचं असलं तर मालकाला आत बसवायचे आणि स्वतः खाली फरशीवर कान लावून आडवे व्हायचे.

त्यांची सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच. चाकाचं किंवा ब्रेकचं काम असलं की ते मालकाला पहिला प्रश्न विचारायचे, "शेजारी कोण बसणार?"

"म्हणजे?"

"तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसतंय? बायको? आई? त्यास्नी घिऊन या. मग काम धरतो."

लोक चिडायचे. काहीजण परत जायचे. मेस्त्री हलायचे नाहीत. म्हणायचे, "चालवणाऱ्याच्या हातात स्टेरिंग हाय. शेजारच्याच्या हातात काय हाय? त्याला बघितल्याबिगर मला कळत न्हाय, नट किती जीव लावून आवळायचा."

मग बायका यायच्या, म्हाताऱ्या यायच्या, एकदा एक आजोबा व्हीलचेअरवर आले. मेस्त्री त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि पाठवून द्यायचे. बस, तेवढंच.

पिवळी गाडी आमच्याकडे आली ती श्रावण संपता संपता. स्पोर्ट्‌स कार म्हणतात तसली. दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की बोळातल्या कुत्र्याने तिच्या टपावर नजर टाकली. बोळातून आत येताना ती वाहत आल्यासारखी वाटली, पाण्यातून मासा यावा तशी. उन्हाचे ते गोल तिच्यावर पडले आणि मी हातातला बोल्ट घमेल्यात सोडून नुसती बघत राहिले.

मालक कुरुंदवाडचा होता. तिशी-पस्तिशीचा, दुधाचा धंदा, तीन-चार गोठे. गाडी जुनी घेतलेली, पण त्याने तिला नवीन रुंद चाकं घातली होती. ती आतल्या बाजूला घासत होती.

"चाकं बाहेर काढायची आहेत मेस्त्री," तो म्हणाला. "आत खोल गेल्यात."

मेस्त्रींनी वाकून पाहिलं. "व्हय. आजारी शेळीचं डोळं आत जात्यात तशी." मग हात पुढे केला. "काय आणलंय?"

त्याने पिशवीतून चार ॲल्युमिनियमच्या चकत्या काढल्या. त्यांना स्पेसर म्हणतात. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गोल, आणि चाक यांच्या मध्ये घालायच्या, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. इंटरनेटवरून स्वस्तात मागवल्या होत्या. मेस्त्रींनी एक चकती हबवर घातली आणि बोटाने हलवली. ती खुळखुळली.

"मधलं भोक ढिलं हाय," ते म्हणाले. "हे मला चालत न्हाय."

"पण नटांनी आवळलं की बसतंय की."

"नटाचं काम धरून ठेवायचं. मधोमध बसवायचं काम ह्या गोलाचं. ह्यो गोल हबावर असा बसला पायजे की हातानं ढकलावा लागावा. न्हायतर चाक केसभर इकडं, केसभर तिकडं. शंभरच्या वर गेलासा की गाडी थरथरणार आणि नट येक येक करून सैल होणार."

"मग दोन पातळ वापरूया का? एकावर एक?"

मेस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं की मीच घाबरले. "जेवायला पाटावर पाट ठिवून बसता काय घरात?"

अचूक मापाचे स्पेसर पुण्याहून मागवायचे ठरले, मधोमध काठ असलेले, म्हणजे चाकही त्या काठावर बसेल. शिवाय लांब स्टड, म्हणजे हबातून बाहेर येणाऱ्या ज्या दांड्यांवर नट बसतात त्या. चकतीची जाडी वाढली म्हणजे जुना स्टड आखूड पडतो, नटाला धरायला आटे उरत नाहीत. स्पेसर, वीस स्टड, वीस नट आणि मजुरी मिळून छत्तीस हजार रुपये झाले. मालकाने ते तिथेच मोजून दिले. मेस्त्री म्हणाले, "आता सांगा. शेजारी कोण बसणार?"

"आत्या."

दुसऱ्या आठवड्यात आत्या आल्या. सत्तरीच्या, नऊवारी, जाड काचेचा चष्मा. त्याच गाडीतून आल्या आणि त्यांना बाहेर काढायला भाच्याला दोन्ही हात धरावे लागले. उभ्या राहिल्यावर लुगडं नीट करत म्हणाल्या, "ह्या गाडीत बसायचं म्हंजे रस्त्यावरच फतकल मारून बसल्यागत वाटतंय बाबा. म्हशीचं पोट दिसतंय खालनं."

मेस्त्री मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी क्वचितच पाहिलं. "लई जोरात चालवतोय का?"

"मला काय म्हाईत? मी डोळं झाकून बसतो." कुरुंदवाडकडच्या बायका आमच्यासारख्याच, बोलताना बसते म्हणत नाहीत, बसतो म्हणतात. "आईबाप गेल्यावर मीच वाढवला ह्याला. आता म्हणतोय, आत्या, तुला समुद्र दाखवतो. मी समुद्र बघितला न्हाय कवा. सत्तर वर्सं झाली, पंचगंगा आणि कृष्णा, तेवढंच पाणी."

मेस्त्रींनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. त्या गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, हे काम जपून करायचं."

कामाच्या दिवशी त्यांनी सकाळपासून तंबाखूला हात लावला नाही. आधी हब. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, आतलं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. मग डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचा. एखादा कण राहिला तर चकती तिरकी बसते, आणि तळहाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही असं त्यांचं म्हणणं. लांब स्टड त्यांनी आदल्या दिवशीच बसवले होते. नवीन नट माझ्याकडे दिले, पॅकिंगची चिकट घाण होती त्यावर. धुवायला.

मी धुतले. पांढऱ्या कापडावर मांडले. वीस नट, पाचपाचच्या ओळीत. हवा दमट होती. आणि मला वाटलं, हे असे उघडे राहिले तर गंजतील.

आमच्या घरी लोखंडाचं काही धुतलं की लगेच तेलाचं बोट लावतात. विळी, तवा, अडकित्ता, खलबत्त्यातला बत्ता. आई करायची, मी करते. तेल लावलं नाही तर आई म्हणायची, लोखंड उपाशी ठेवू नकोस. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली फळीवर असायची. मी कापसाचा बोळा केला आणि प्रत्येक नटाच्या आतून फिरवला. ते छान चमकायला लागले. ही गोष्ट कोणाला सांगायची असते हेही माझ्या डोक्यात आलं नाही. चांगलं काम सांगायचं कशाला.

मेस्त्रींचा नियम होता की नट आधी हाताने फिरवायचा आणि फेरे दुसऱ्या माणसाने मोठ्याने मोजायचे. स्वतः मोजलं तर माणूस स्वतःला फसवतो, असं ते म्हणायचे. मोजणारी मी. त्या गाडीला आठ फेऱ्यांच्या खाली चालणार नाही असं त्यांनी आधी गाडीच्या पुस्तकात बघून, हिशोब करून ठेवलं होतं. आठच्या आत नट थांबला तर काम बंद.

मी सुरुवात केली. "एक... दोन..."

"अक्का, नटाला ऐकू गेलं पायजे."

मी आवाज वाढवला. त्या वर्कशॉपमध्ये मी मोठ्याने बोलले असेन ते फक्त आकडे. प्रत्येक नट दहा फेरे गेला, कुठे अडला नाही. मेस्त्री बोटं थांबवून म्हणाले, "आज लई गुमान चालल्यात." मला आतून फुलल्यासारखं झालं. 

मग टॉर्क पाना. तो ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे, काम झालं की त्याचा आकडा खाली उतरवून. गाडी जमिनीवर टेकवून, समोरासमोरचे नट धरून, एक इकडचा एक तिकडचा. ठरलेल्या ताकदीला पाना टक् म्हणतो. वीस वेळा टक् झालं. दुपार होती, उन्हाचे गोल गाडीच्या दारावर आले होते, आणि तो आवाज मला कुठल्यातरी लांबच्या देवळातल्यासारखा वाटला.

शेवटी तालमीतून दोन पैलवान बोलावले. चाक मडगार्डला घासतं का बघायला वजन लागतं. दोघे कसेबसे आत बसले. गाडी खाली दबली. मालकाने बाहेरून हात घालून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मेस्त्री खाली आडवे पडून बघत होते. कुठे घासलं नाही. थोरल्या पैलवानाला मात्र बाहेर येता येईना. "मेस्त्री, दार कापा!" तो ओरडायला लागला. बोळातली माणसं जमली. चौघांनी ओढून काढला त्याला.

जाताना मेस्त्रींनी मालकाच्या उजव्या पायातला बूट मागितला. हीही त्यांची एक रीत. "शंभर किलोमीटर सपाटीला फिरवा आणि परत या. नट परत पान्यानं बघायचं. बूट तवर हितं." शंभर किलोमीटरनंतर कोणी परत येत नाही, पण बुटासाठी येतात, असा त्यांचा अनुभव. फळीवर नेहमी एखादी चप्पल असायची. मालक हसत हसत रबरी स्लिपर घालून गेला.

गाडी गेली. मेस्त्री जमिनीवर बसले, चाक नव्हतं म्हणून भिंतीला टेकून.

तासाभराने टेम्पोवाला आला. तो रोजचा. चहाला बसल्या बसल्या म्हणाला, "मेस्त्री, तुमची पिवळी गाडी पेट्रोल भराय थांबलीती. रत्नागिरीला निघाल्यात. म्हातारी हितंच पाव्हण्यांकडं आलीती, तिला समुद्र दाखवायला."

"आज?" मेस्त्री ताडकन उठले. "घाट उतरणार? मी सपाटीला म्हणून सांगितलंतं की!"

"पोराला दम निघत न्हाय."

मेस्त्रींनी फळीवरच्या बुटाकडे बघितलं. मग पुन्हा बसले. "जाऊ द्या. आटं कोरडं हायत, पाना खरा हाय. जातील नीट."

"कोरडं म्हंजे?"

"अरे, पान्याचा आकडा कोरड्या आट्यांचा असतोय. तिथं त्येल लागलं की नट घसरत घसरत फुडं जातोय. पाना टक् म्हणतोय तवर स्टड आतनं ताणून गेलेला असतोय. वरनं काय दिसत न्हाय. आणि मग घाटात, वळणावर, कट."

मी कप गोळा करत होते. तीन कप होते हातात. मला वाटलं मी कुठल्यातरी विहिरीत उभी आहे आणि वरून मेस्त्रींचा आवाज येतोय. बोलायचं होतं. एकच वाक्य. तोंड उघडलं तर काही आलं नाही. मी कप ठेवले. परत उचलले. माझ्या डोळ्यांसमोर त्या म्हातारीचा जाड चष्मा होता, आणि तिचे मिटलेले डोळे.

टेम्पोवाला उठला. मेस्त्रींनी पाना गुंडाळायला घेतला. तेव्हा मी म्हणाले, "मेस्त्री, मी तेल लावलं."

त्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणता अक्का?"

"नटांना. तेल. मी लावलं."

"किती नटांना?"

"विसाच्या वीस."

ते ओरडले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. फोन काढला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. परत लावला. परत तेच. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "गाडी काढ." पाना, जॅक, जुने वीस नट एका पिशवीत भरले. गाडीत पुढे बसायला ते कधी तयार नसायचे, म्हणून मागे हौद्यात चढले, पाना तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन. मला म्हणाले, "तुमीबी चला. मोजणार कोण?"

तो रस्ता मला स्वप्नात दिसतो अजून. दोन्ही बाजूला ऊस, लांब ढगांत बुडालेले डोंगर, आणि हौद्यात समोर बसलेले मेस्त्री. डोळे मिटून, ओठ हलताहेत. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. पण ते मधूनमधून फोन लावत होते आणि घंट्या मोजत होते.

मलकापूरला पिवळा रंग दिसला. एका चहाच्या हॉटेलसमोर गाडी उभी होती, भोवती वीस-पंचवीस माणसं फोटो काढत. आत्या बाकावर बसून बशीतून चहा पीत होत्या. मी त्या बाकाचा पाय धरून खाली बसले. 

"फोन का उचलत न्हाय?" मेस्त्री भाच्याला म्हणाले.

फोन आत्याच्या पिशवीत होता. आत्या म्हणाल्या, "व्हय की, मगापासनं वाजतंय कायतरी. मला वाटलं गाडीच गाती."

मेस्त्रींनी चाकांमागे दगड लावले. सपाट जागा बघून जॅक टेकवला. एकेक नट काढायला सुरुवात केली. पहिली तीन चाकं ठीक होती. डाव्या पुढच्या चाकाचा चौथा नट अर्ध्यावर येऊन अडकला. जोर लावून काढला. मेस्त्रींनी त्या स्टडवर जुना चांगला नट घातला. मी मोजायला लागले. तिसऱ्या फेऱ्याला तो थांबला. आटे ताणून लांबले होते. शेजारच्या स्टडचंही तेच. दोन स्टड. तेही आत्याच्या बाजूचे.

भाच्याचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "कुणी लावलं तेल?"

मी तिथेच होते. दोन पावलांवर. सगळी माणसं बघत होती. मेस्त्री उठले, हात पुसले. "माझ्या दुकानात लावलं. म्हंजे म्या लावलं."

"तुम्हाला कळत नाही? एवढे पैसे घेता तुम्ही!"

"व्हय. त्ये सगळं परत देणार. छत्तीसच्या छत्तीस हजार. आणि स्टड माझ्या खर्चानं नवं."

तो आणखी बोलत राहिला. वाईट बोलला. मेस्त्री मान खाली घालून ऐकत होते, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या शर्टावरचा ग्रीसचा डाग बघत होते. एक वाक्य मी वर्कशॉपमध्ये काढलं होतं. दुसरं निघालं नाही.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून परत आणली. नवीन स्टड आले. मेस्त्रींनी सगळं काम पहिल्यापासून केलं, आणि नट माझ्याकडेच धुवायला दिले. फक्त म्हणाले, "अक्का, कोरडं." पंधरा दिवसांनी आत्या समुद्र बघून आल्या आणि भाच्याचा बूट न्यायला स्वतः आत आल्या. मेस्त्रींनी विचारलं, कसा होता. "हलतंय नुसतं बघा," त्या म्हणाल्या. "सकाळी बघावं तर हलतंय, सांजला बघावं तर हलतंय. पण उठवंना तिथनं."

भाच्याचा राग तोवर गेला होता. तो म्हणाला, पैसे राहू द्या, काम चांगलं झालंय. मेस्त्री म्हणाले, "चांगलं झालंय ते दुसरं काम. पहिल्या कामाचं पैसे परत." ते पैसे कधीच पुण्याला गेले होते, हातात काही नव्हतं. म्हणून दर महिन्याला दोन हजार. कधी टेम्पोवाल्याबरोबर, कधी एसटीने स्वतः जाऊन. माझ्या पगारातून घ्या असं मी एकदा धीर करून म्हणाले. ते म्हणाले, "अक्का, तुमी त्या दिवशी बोललासा. न बोलता घरी गेला असता तर?" आणि जॅककडे वळून म्हणाले, "जरा खाली या बघू." विषय संपला.

सोळा महिने झाले. सतराव्या महिन्यात मेस्त्री गेले. सकाळी सायकलवरून उतरले, भिंतीशी बसले आणि तसेच राहिले. लोकांना वाटलं, झोपलेत. उन्हाचे गोल त्यांच्या अंगावरून जाईपर्यंत कोणी उठवलं नाही.

मेस्त्रींच्या मुलीने वर्कशॉप विकलं. ती लांब असते, तिला हे पैशाचं ठाऊक नव्हतं. चार हजार राहिले होते. मी दोन घरची भांडी धरली. दिवाळीच्या आधी पैसे साठले, तेव्हा कुरुंदवाडची एसटी धरली.

आत्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मला ओळखलं. मी पैसे त्यांच्यापुढे ठेवले. मग, बसायच्या आधीच, उभ्यानेच म्हणाले, "आत्या, तेल मी लावलं होतं. मेस्त्रींनी नाही."

त्यांनी चष्म्यातून वर बघितलं. "ठावं हाय मला."

"मेस्त्री बोलले?"

"त्यो कशाला बोलतोय. मलकापुरात सगळी चाकाकडं बघालती. तू एकटी माझ्याकडं बघालतीस, मी हाय का गेलो त्ये." त्यांनी मेथीची जुडी बाजूला केली. "येवढं सांगायला आलीस व्हय लांबनं?"

मी मान हलवली. 

त्यांनी भाच्याला हाक मारली. तो गोठ्यातून हात पुसत आला, पैसे बघितले आणि मागे सरला. "मेस्त्रीच गेले, आता कसले पैसे? घेऊन जावा ताई."

"घे," आत्या म्हणाल्या. "त्या माणसानं सगळं देतो म्हटलंतं. सगळ्यातलं चार हजार कमी ठिवणारा तू कोण?"

त्याने नोटा उचलल्या. उभ्या उभ्या मोजल्या, सावकाश, एकही न चुकवता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "छत्तीस हजार पुरे झाले."